पडद्यावरून पाळण्यात

आपल्याकडे बारशाच्या दिवशी पाळणा सजवितात आणि आत्याबाई बाळाच्या कानात हळूच नाव सांगतात. हे नाव कोठून आले, असा प्रश्न पूर्वी कोणास फारसा पडत नसे. कुलदैवत, आजोबा-आजी, साधुसंत आणि पंचांगातून निघालेले आद्याक्षर एवढ्यांतून ते ठरत असे. विसाव्या शतकात या पंगतीस एक नवा पाहुणा येऊन बसला. तो म्हणजे चित्रपट, आणि त्याच्या मागोमाग दूरचित्रवाणी. नटनट्यांची नावे बाळांस ठेवली जातात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते नेमके कसे घडते आणि त्या बाळांना पुढे त्याचे काय फळ मिळते, हे पाहण्यासारखे आहे.

अशा गोष्टी केवळ अंदाजाने सांगणे बरे नव्हे. त्यासाठी नोंदी हव्यात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामाजिक सुरक्षा खात्याने १८८० पासूनच्या प्रत्येक वर्षाच्या बाळांच्या नावांच्या याद्या प्रसिद्ध केल्या आहेत. त्या चाळल्या म्हणजे १९३५ सालापाशी दृष्टी थबकते. शर्ली टेंपल या सहा वर्षांच्या बालनटीचा ‘ब्राइट आइज’ हा चित्रपट १९३४ च्या अखेरीस आला आणि तिचा गोड चेहरा घरोघरी पोचला. १९३५ मध्ये ४२ हजारांहून अधिक मुलींचे नाव शर्ली ठेवले गेले. मेरी या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या नावाखालोखाल त्याचा दुसरा क्रमांक लागला.

हे सारे त्या बालिकेचेच कर्तृत्व, असे कोणी म्हणेल; परंतु ते अर्धेच सत्य आहे. शर्ली हे मूळचे गावाचे नाव, पुढे आडनाव आणि मग पुरुषाचे नाव. शार्लट ब्राँटी या इंग्रज लेखिकेने १८४९ साली ‘शर्ली’ नावाची कादंबरी लिहिली. तिच्या नायिकेच्या आईबापांना मुलगा हवा होता, म्हणून त्यांनी मुलीलाच ते पुरुषी नाव दिले, असे तीत दाखविले आहे. तेथून ते हळूहळू मुलींचे झाले. ही नटी १९२८ साली जन्मली, त्याच्या आधीपासूनच ते अमेरिकेत चढत होते. म्हणजे निखारा अगोदरच पेटलेला होता. चित्रपटाने त्यावर फुंकर घातली. बहुधा असेच घडते. अगदी अपरिचित नाव आईबापांना धजवत नाही, अगदी सर्वतोमुखी झालेले नाव त्यांना नको असते. या दोहोंच्या मधले नाव पडद्यावरून कानी पडले की ते चटकन उचलले जाते.

क्वचित साफ नवे नावही रुजते. १९८४ च्या ‘स्प्लॅश’ या विनोदी चित्रपटात एक मत्स्यकन्या न्यूयॉर्कच्या रस्त्यावरील पाटी वाचून ‘मॅडिसन’ हे नाव घेते. हे नाव मुळी नव्हेच, असे नायक तिला सांगतो. मुलींच्या पहिल्या हजार नावांत तोवर त्याला खरोखरच स्थान नव्हते. परंतु थट्टेचे खरे झाले आणि २००१ साली ते नाव दुसऱ्या क्रमांकावर येऊन ठेपले! येथे नटीचे नव्हे, तर भूमिकेचे नाव चालले, हेही ध्यानात ठेवावे.

शिवाय नटांची नावे तरी कोठे जन्माची असतात? युसुफ खान या तरुणाने १९४४ साली ‘ज्वार भाटा’ या चित्रपटात पदार्पण केले ते दिलीप कुमार या नावाने. विजया देशमुख ‘अमर भूपाळी’त झळकल्या त्या संध्या म्हणून. लोकांच्या कानास रुचावे म्हणूनच जे नाव निवडलेले, ते लोकांना रुचले तर नवल ते काय!

चित्रसृष्टीतून आलेले एक नाव तर मराठी घरातून जगभर गेले. प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर यांनी १९७३ साली जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव आवडते संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवले. त्रिपुराच्या राजकुळातील त्या संगीतकाराचे नाव मुंबईच्या पाळण्यात आले आणि क्रिकेटच्या मैदानावर त्याला नवेच वलय लाभले.

प्रत्येक नावाचे भाग्य मात्र असे नसते. जे झपाट्याने चढते, ते बहुधा झपाट्याने उतरते. १९४५ च्या अमेरिकन यादीत पहिल्या दहांत शर्ली नव्हती. आणि खुद्द शर्ली टेंपल तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती! याहून कठीण कथा केव्हिनची. हे आयर्लंडमधील एका प्राचीन संताचे नाव. केव्हिन कॉस्टनर हा नट आणि ‘होम अलोन’ या चित्रपटातील केव्हिन नावाचा खोडकर मुलगा यांचा गाजावाजा १९९० च्या सुमारास झाला. आधीच चढतीवर असलेले हे नाव १९९१ साली फ्रान्समध्ये मुलांच्या नावांत अव्वल ठरले. जर्मनीतही ते तसेच पसरले. पुढे थोड्याच वर्षांत तेथील सुशिक्षित मंडळी त्या नावाला नाक मुरडू लागली. ओल्डेनबुर्ग विद्यापीठातून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्राथमिक शिक्षकांना निरनिराळ्या नावांविषयी मत विचारण्यात आले. केव्हिन म्हणजे खोड्या करणारा, अभ्यासात कच्चा मुलगा, अशी अनेकांची समजूत दिसून आली. समोर मूल नव्हते, होते ते केवळ नाव! आईबापांनी हौसेने दिलेला अलंकार असा मुलाच्या गळ्यातील ओझे होऊन बसला.

म्हणून नाव नटाचे ठेवावे की देवाचे, हा प्रश्न गौण आहे. चित्रपट दोन-चार महिने चालतो, नटाची कीर्ती काही वर्षे टिकते. नाव मात्र मुलाला जन्मभर वागवावे लागते. तेव्हा पडदा उतरल्यावरही ते शोभेल काय, एवढे वडीलधाऱ्यांनी पाहावे. आणि आपण विद्यार्थ्यांनी हजेरीपटावरील नावावरून कोणाची पारख करू नये. नाव दुसऱ्यांनी दिलेले असते. त्याला अर्थ देण्याचे काम तेवढे ज्याचे त्याचे असते.