पान ४३ वरचा अंगठा

रविवारी सकाळी भाच्याचा मेसेज: "आत्या, तुझं पुस्तक आमच्या ग्रुपवर आलंय!" पीडीएफ उघडली. पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात 'सप्रेम भेट' आणि खाली सही. ज्याला दिलं त्याच्या नावाचा कोपरा तेवढा दुमडलेला. पान ४३ वर मजकुराच्या कडेला मोबाइलवर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलाय, आणि ११२-११३ ही पानं गायबच. भेट दिलेल्या प्रती मोजून बारा होत्या. कुणाची, ते कळायला वेळ लागला नाही.

फोन केला. "अहो मॅडम, तुमचा प्रसारच केला की! आणि १८० पानांना २५० रुपये, कोण घेणार?"

राग आला, पण प्रश्न खोटा नव्हता. म्हणून त्या २५० चं काय होतं ते सांगते. वितरक आणि दुकानदार यांचं कमिशन माझ्या पुस्तकाला ४० टक्के, म्हणजे १०० रुपये. माझी रॉयल्टी १० टक्के, २५ रुपये. उरलेल्या सव्वाशेत कागद, छपाई, बांधणी, डीटीपी, प्रूफं, मुखपृष्ठ, गोदामाचं भाडं आणि प्रकाशकाचा चहा. आवृत्ती ५०० प्रतींची. कमी प्रती छापल्या की प्रत महाग पडते, आणि महाग पडली की कमी खपते. सगळ्या विकल्या तर मला मिळणार १२,५००. हे पुस्तक लिहायला मला तीन वर्षं लागली. ई-पुस्तकात कागद आणि गोदाम वाचतं, खरं आहे. ती तीन वर्षं मात्र वाचत नाहीत.

आता घरचंही सांगायला हवं. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशकाने सहा वर्षांत एकदाही रॉयल्टीचा हिशेब पाठवला नाही. विचारलं की "प्रती पडून आहेत हो." त्या अंगठेवाल्याने माझे किती बुडवले ते निदान अंदाजाने मांडता येईल, यांनी किती बुडवले, ते देवालाच ठाऊक. नव्या लेखकांनी करारात दोन गोष्टी बघाव्यात: रॉयल्टी छापील किमतीवर आहे की प्रत्यक्ष वसुलीवर, आणि हिशेब दरवर्षी कोणत्या महिन्यात मिळणार.

कायदा स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' २०११ पासून सर्वांसाठी खुली आहे, खुशाल पाठवा. पु. ल. २००० साली गेले, त्यांची पुस्तकं २०६० संपेपर्यंत नाहीत. जाणूनबुजून हक्कभंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. मी काही पोलिसात जाणार नाही. त्या अंगठेवाल्याच्या मुलीला मी दहावीला मराठी शिकवलंय.

परवडत नसेल तर गावच्या वाचनालयात मागा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात हजारो मान्यताप्राप्त वाचनालयं अनुदानावर चालतात. तिथली एक प्रत पन्नास जणांनी वाचली तरी माझी तक्रार नाही. ती प्रत कुणीतरी विकत घेतलेली असते.

पाचशेपैकी १४० प्रती अजून गोदामात आहेत. त्यांत ११२-११३ ही पानंही आहेत.