दोन तासांच्या सोबतिणी

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. २०१६ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाचा तो ठरलेला दिवस. तपासण्यांत साखरेची तपासणी तेवढी वेळखाऊ. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. उपाशीपोटी येण्याची गरज नसते, मात्र मधल्या वेळात काही खायचे नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते. साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आली, तर तो गरोदरपणातला मधुमेह समजतात.

हे दोन तास बाकावर काढायचे असतात. माण हे मूळचे शेतीचे गाव. हिंजवडीचे आयटी पार्क इथवर पसरले आणि भाड्याच्या खोल्यांतून बाहेरगावची कुटुंबे राहू लागली. त्यांतल्या पुष्कळ जणींची आई दूर, सासू दूर, नवरा शिफ्टवर. शेजारणीला काही सांगावे तर ते चाळभर होते. बाकावरची बाई मात्र अनोळखी. तिच्याकडून गोष्ट घरी पोहोचण्याची भीती नाही, आणि पोट तिचेही तेवढेच पुढे आलेले. "कितवा महिना?" एवढ्या एका प्रश्नावर ओळख होते. ग्लुकोजने मळमळू लागले की हीच बाई पाठीवरून हात फिरवते.

काही डॉक्टर मंडळी या गप्पांना गोंगाट समजतात. मला तसे वाटत नाही. आम्ही विचारूनही जे कळत नाही ते तिथे सहज बाहेर पडते. कालपासून बाळ कमी हलते, डोके दुखून अंधारी येते, चेहरा सुजतो. कधी घरी होणारी मारहाणही. "अगं, हे डॉक्टरांना सांग की," असे शेजारची म्हणते आणि पुष्कळदा हाताला धरून आत घेऊन येते. पोराची शाळा सुटेल म्हणून दीड तासातच उठू पाहणारीलाही तीच बसवून ठेवते. तिने रक्त न देताच घर गाठले तर ग्लुकोज प्यायचे कष्ट वाया!

सोबतिणीचा सल्ला मात्र सोबतीपुरताच घ्यावा. एकीने साखर वाढली म्हणून भात-भाकरी सोडली, म्हणून दुसरीने सोडू नये. गरोदरपणात उपाशी राहणे बाळाला मानवत नाही. बहुतेकींची साखर आहार ठरवून दिल्यावर आटोक्यात येते. दोन आठवड्यांत न आल्यास औषध किंवा इन्सुलिन द्यावे लागते. "एकदा सुई लागली की जन्माची लागली" हेही बाकावरचेच शास्त्र! बाळंतपणानंतर इन्सुलिन बहुधा थांबते, मात्र सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासून घ्यावी. आणि केंद्रातल्या मंडळींना एक विनंती, कुणाचाही आकडा सर्वांसमक्ष पुकारू नये.

पहिल्या भेटीत साखर ठीक निघाली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान हीच तपासणी पुन्हा करायची असते. येताना डबा आणावा. रक्त दिल्यावर भूक लागते, आणि तोवर शेजारणही ओळखीची झालेली असते.