पूर ओसरतो तेव्हा काठ का ढासळतो?

कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही किनारा खचण्याची धास्ती या टापूला नवी नाही. याच तालुक्यातून येणारी अमरजा नदी गाणगापूरजवळ भीमेला मिळते. भीमेला पूर आला की काठच्या गावांत तीन प्रश्न विचारले जातात. वरून किती पाणी सोडलंय? आपल्याकडे कधी पोचेल? आणि पाणी उतरल्यावर रान जागेवर राहील का? पहिल्या दोन प्रश्नांवर प्रशासन बोलते. तिसऱ्यावर फारसे कोणी बोलत नाही. खरे तर तिन्ही प्रश्न एकाच गोष्टीशी जोडलेले आहेत. पाणी किती चढले याइतकेच ते किती वेगाने चढले आणि किती वेगाने उतरले, हेही महत्त्वाचे असते.

ऑक्टोबर 2020 चा पूर आठवावा. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे तीव्र क्षेत्र 13 ऑक्टोबरला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगण, कर्नाटक आणि महाराष्ट्रावर आले. पावसाळा संपत आल्याने धरणे भरलेली होती. भीमेवरच्या उजनी धरणातून मोठा विसर्ग करावा लागला आणि अफजलपूर तालुक्यातल्या अनेक गावांत पाणी शिरले. पण भीमेचा पूर म्हणजे केवळ उजनीचे पाणी नव्हे. उजनीच्या खाली नरसिंहपूरला नीरा मिळते, हत्तरसंग कुडलला सीना मिळते, पुढे बोरी आणि अमरजा येतात. या नद्यांचे पाणी उजनीच्या दरवाजांतून जात नाही. म्हणून ‘उजनीतून इतके क्युसेक’ एवढ्या बातमीवरून गाणगापूरच्या संगमावर काय होईल ते कळत नाही.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर पाणी. एक लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर साडेआठ टीएमसीहून (म्हणजे अब्ज घनफुटांहून) अधिक पाणी खाली येते. उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी आहे. त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. धरण काठोकाठ असेल तर आलेले पाणी तसेच सोडण्यावाचून गत्यंतर नसते. दरवाजे दोन दिवस आधी थोडे उघडले तर पुराचा माथा खाली येतो. मात्र पाऊस पडलाच नाही तर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची आणि उसाची ओढाताण होते. हा निर्णय अवघड आहे, म्हणूनच तो भरवशाच्या पाऊस-अंदाजावर घ्यायला हवा.

आता तिसरा प्रश्न. इथल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. उन्हाळ्यात ती भेगाळते. पुराचे पाणी त्या भेगांतून काठाच्या पोटात शिरते. माती फुगते, जड होते. नदी भरलेली असेपर्यंत बाहेरचे पाणी काठाला टेकू देत असते. विसर्ग एकदम बंद झाला की नदी झपाट्याने उतरते आणि तो टेकू निघून जातो. चिकणमातीतून पाणी मात्र हळूच झिरपते. आतला दाब तसाच राहतो, मातीच्या कणांची पकड सुटते आणि काठ तुरीच्या उभ्या ओळींसकट खाली बसतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाहाने पायथा आधीच पोखरलेला असतो, त्यामुळे तिथे हे आधी घडते. वाळू उपशाने पात्र खोल झाले असेल तर काठाची उंची वाढते आणि धोकाही वाढतो.

यावर ‘भिंत बांधा’ ही मागणी स्वाभाविक आहे, कारण गेलेले रान पुन्हा मिळत नाही. पण भिंतीवर आदळून वळलेला प्रवाह समोरच्या किंवा खालच्या गावाचा काठ खाऊ शकतो. कोकणात धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या टोकाशी लाटांचा मारा असाच शेजारच्या वाळूवर वळतो. म्हणून गाव, पूल, घाट अशा मोजक्या जागी जाळीत बांधलेले दगड आणि मागचे पाणी निघायला वाट असलेले बांधकाम करावे. बाकी काठावर करंज, बांबू, वाळा अशी झाडोऱ्याची पट्टी राखावी. वाळ्याची मुळे खोल जातात आणि माती बांधून धरतात. काठालगतची ही पट्टी नांगरू नये. त्या पट्टीचा मोबदला शेतकऱ्याला मिळाला पाहिजे, नाहीतर ही सूचना कागदावरच राहील.

इशाऱ्यांची पद्धतही बदलायला हवी. केंद्रीय जल आयोग भीमेवर टाकळी, देवणगाव, यादगीर अशा ठिकाणी पाणी मोजतो. पण समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये सांगितलेली पातळी वस्तीवरच्या माणसाला काय सांगणार? शाळेच्या भिंतीवर, पुलाच्या खांबावर, देवळाच्या पायरीवर खुणा रंगवाव्यात आणि ‘उद्या सकाळी पाणी तिसऱ्या खुणेपर्यंत येईल’ असा निरोप कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत द्यावा. प्रवाहाचा वेग ताशी पाच किलोमीटर धरला तर शंभर किलोमीटरला सुमारे वीस तास लागतात. जनावरे हलवायला तेवढा वेळ पुरतो, पण तो पहिल्या तासापासून हाती यावा लागतो.

महाराष्ट्र आणि कर्नाटक पूर चढताना एकमेकांना विसर्गाचे आकडे कळवतात. तेवढीच देवाणघेवाण पूर उतरतानाही चालू राहिली पाहिजे. पाऊस थांबला की दरवाजे एकदम न मिटता टप्प्याटप्प्याने मिटावेत, आणि त्याचे वेळापत्रक काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला आधी मिळावे. धरणाच्या नियमपुस्तकात ही एक ओळ घालायला नवी भिंत लागत नाही, आणि तिने वाचणारी माती कोणत्याही भरपाईने परत येणारी नाही.