ऑइल जाड की पातळ? गाडीच्या ॲव्हरेजमध्ये खरंच किती फरक पडतो

मागच्या मे महिन्यात घरच्या गाडीची सर्व्हिसिंग होती. पप्पा गाडी धाराशिवमधल्याच एका ओळखीच्या गॅरेजला घेऊन गेले. संध्याकाळी मी बिल पाहिलं, तर ऑइलच्या पुढे लिहिलं होतं २०डब्ल्यू-५०. गाडीच्या मॅन्युअलमध्ये मात्र स्पष्ट छापलंय ०डब्ल्यू-२०. मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, ते पाण्यासारखं ऑइल थंड हवेच्या गावाला ठीक आहे. आपल्याकडं मे मध्ये बेचाळीस डिग्री असतंय. जाड टाकलंय, इंजिन टिकंल. आणि हजारेक रुपये वाचले की तुमचे."

पप्पांचा प्रश्न वेगळाच होता: "ॲव्हरेज कमी होईल का?"

उत्तर "हो" असंच आहे. पण किती, आणि खरी काळजी कशाची करायची, हे जरा समजून घेण्यासारखं आहे.

डब्यावरचे आकडे काय सांगतात?

ऑइलचा ग्रेड म्हणजे त्याच्या दाटपणाची, म्हणजे व्हिस्कोसिटीची खूण. हे ग्रेड एसएई ही अमेरिकन इंजिनिअर्सची संस्था ठरवते. ग्रेडमध्ये दोन आकडे असतात.

पहिला आकडा थंड इंजिनासाठी. डब्ल्यू म्हणजे विंटर. ०डब्ल्यू ऑइलची परीक्षा उणे ३५ अंशांवर होते: एवढ्या थंडीतही स्टार्टरला इंजिन फिरवता यायला हवं. २०डब्ल्यूसाठी हीच परीक्षा उणे १५ अंशांवर होते.

दुसरा आकडा तापलेल्या इंजिनासाठी. १०० अंशांवर ऑइल किती दाट राहतं, ते यावरून कळतं. २० पेक्षा ३० जाड, ३० पेक्षा ५० जाड.

आता तुम्ही म्हणाल, धाराशिवला कधी उणे १५ होतं? नाहीच होत. मग पहिल्या आकड्याचा आपल्याला काय उपयोग? मलाही आधी हेच वाटलं होतं.

बेचाळीस डिग्री इंजिनासाठी थंडच

ऑइल कंपन्या प्रत्येक ऑइलची डेटा शीट वेबसाइटवर ठेवतात. फोनवर पाच मिनिटांत सापडते. त्यात व्हिस्कोसिटी दोन तापमानांना दिलेली असते: ४० अंश आणि १०० अंश. हा ४० चा आकडा बघा, म्हणजे जवळजवळ आपली मे महिन्यातली दुपारच! एकक आहे सेंटिस्टोक. साध्या पाण्याची व्हिस्कोसिटी २० अंशांवर साधारण १ सेंटिस्टोक असते, त्याच्याशी तुलना करा.

- ०डब्ल्यू-२०: ४० अंशांवर साधारण ४०-४५, १०० अंशांवर साधारण ८
- ५डब्ल्यू-३०: ४० अंशांवर साधारण ६०-६५, १०० अंशांवर १० ते ११
- २०डब्ल्यू-५०: ४० अंशांवर साधारण १५० ते १७०, १०० अंशांवर साधारण १८

म्हणजे भर उन्हात उभ्या असलेल्या गाडीतही २०डब्ल्यू-५० हे ०डब्ल्यू-२० च्या जवळपास चौपट दाट असतं. इंजिनाचं कामाचं तापमान ९०-१०० अंशांच्या आसपास. त्याच्या दृष्टीने आपली बेचाळीस डिग्री म्हणजे थंडीच. बाहेरचं ऊन आपल्याला लागतं. ऑइलला इंजिनाची उष्णता लागते, आणि ती गाव कुठलंही असो, जवळपास तेवढीच असते. मिस्त्रींचा मुद्दा इथे चुकतो.

आणखी एक गोष्ट. ऑइल कूलंटपेक्षा उशिरा तापतं. काटा नॉर्मलला आला तरी ऑइल अजून पूर्ण तापलेलं नसतं. घर ते बस स्टँड, बस स्टँड ते बाजार अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते बऱ्याचदा तापतच नाही. म्हणजे गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला पहिला आकडा रोज लागू होतो.

यात पेट्रोल कुठे जातं?

क्रँकशाफ्ट बेअरिंगला थेट टेकत नाही. मध्ये ऑइलचा अगदी पातळ थर असतो आणि शाफ्ट त्यावर तरंगत फिरतो. फिरताना ऑइलचे थर एकमेकांवरून सरकतात. ऑइल जितकं दाट, तितका जोर जास्त. पिस्टनच्या रिंगा आणि ऑइल पंप यांचंही तेच. हा जोर शेवटी पेट्रोलमधूनच येतो.

पण एक मर्यादा लक्षात ठेवा. कारमध्ये जाळलेल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी इंजिनाच्या आतल्या घर्षणात साधारण दहावा हिस्सा जातो. ऑइलमुळे या दहाव्या हिश्श्यातला थोडासाच भाग वाचतो. त्यामुळे "आमचं ऑइल टाका, ॲव्हरेज २० टक्के वाढेल" असं सांगणारी रील दिसली की सरळ पुढे स्क्रोल करा.

गाड्यांच्या इंधनाविषयी माहिती देणारी अमेरिकन सरकारची अधिकृत वेबसाइट सांगते: ५डब्ल्यू-३० साठी बनलेल्या इंजिनात १०डब्ल्यू-३० टाकलं तर ॲव्हरेज १ ते २ टक्के घटू शकतं. ५डब्ल्यू-२० च्या जागी ५डब्ल्यू-३० टाकलं तर १ ते १.५ टक्के. आमच्या गाडीत उडी याहून मोठी होती, त्यामुळे तोटाही जास्त असू शकतो. तरी २ टक्केच धरू.

रुपयांत हिशेब

वर्षाला १२,००० किलोमीटर, ॲव्हरेज १८, पेट्रोल १०५ रुपये लिटर धरा. पेट्रोल लागतं साधारण ६६७ लिटर, खर्च ७०,००० रुपये. त्याचे २ टक्के म्हणजे १,४०० रुपये. ऑइलमध्ये वाचले होते हजारेक. म्हणजे "वाचलेले" पैसे वर्षभरात पंपावर परत गेले, वर थोडे खिशातून.

मी मोजूनही पाहिलं. पप्पा प्रत्येक वेळी टाकी फुल करतात आणि डायरीत किलोमीटर लिहितात. पण एकाच ऑइलवर आकडे कधी १६.८, तर कधी १९.१. तुळजापूरचा घाट, सोलापूरला जाताना लावलेला एसी, गाडीत किती माणसं, यानेच एवढा फरक पडतो. १८ चे २ टक्के म्हणजे फक्त ०.३६. तो त्या गर्दीत दिसतच नाही. म्हणून "ऑइल बदललं आणि ॲव्हरेज लगेच वाढलं" असं कुणी म्हणालं तर विचारा, किती टाक्यांचा हिशेब ठेवला होता?

त्याच अमेरिकन वेबसाइटवर हेही आहे की चारही टायरमधली हवा १ पीएसआयने कमी झाली की ॲव्हरेज साधारण ०.२ टक्क्याने घटतं. ८ पीएसआय कमी म्हणजे दीड टक्क्याहून जास्त. हवा भरायला खर्च जवळपास शून्य!

मग खरी काळजी कशाची?

इंजिनाची. नव्या पेट्रोल इंजिनांत भागांमधली फट खूप कमी असते. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावरच चालते. सकाळी स्टार्टर मारला की ऑइल लगेच वरपर्यंत पोहोचायला हवं. जाड ऑइलला तिथं पोहोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. शिवाय गाडी वॉरंटीत असेल तर चुकीच्या ग्रेडवरून वाद होऊ शकतो.

उलटही तितकंच खरं. "पातळ ऑइलने ॲव्हरेज वाढतं ना?" म्हणून २०डब्ल्यू-५० लागणाऱ्या जुन्या इंजिनात ०डब्ल्यू-२० टाकू नका. थर प्रमाणाबाहेर पातळ झाला की तो भार पेलत नाही, धातू एकमेकांना लागतात आणि घर्षण उलट वाढतं. मिस्त्रींचा अनुभव अशाच जुन्या जीप आणि डिझेल गाड्यांचा आहे. तिथे जाड ऑइल बरोबरच होतं. इंजिन बदललं, सवय तीच राहिली.

बाइकवाल्यांनो, हे वाचा

बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑइल असतं. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात. त्यांनी क्लच घसरतो; पिकअपही जातो आणि ॲव्हरेजही. म्हणून ग्रेडसोबत डब्यावर "जासो एमए" किंवा "एमए२" लिहिलंय का, ते बघा. बिनगिअरच्या स्कूटरसाठी बऱ्याचदा "एमबी" सांगितलेलं असतं.

सर्व्हिसिंगच्या आधी एवढं करा

१. मॅन्युअलमधलं ऑइलचं पान शोधा. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळते.
२. त्या पानाचा फोटो काढून गॅरेजला आधीच पाठवा.
३. डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. ग्रेड आणि एपीआयची श्रेणी, उदाहरणार्थ "एसपी", जुळवून बघा.
४. गाडी जुनी आहे, ऑइल पिते? मॅन्युअलमध्ये एकापेक्षा जास्त ग्रेड चालतात असं लिहिलं असेल, तर त्यातलाच जाड निवडा. त्याबाहेर जाऊ नका.

आम्ही ते ऑइल ठरलेल्या वेळेची वाट न बघता, पाच हजार किलोमीटर झाल्यावर दिवाळीच्या आधी बदललं. गॅरेज तेच, मिस्त्रीही तेच. मॅन्युअलचं पान व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. त्यांनी ते झूम करून वाचलं आणि म्हणाले, "असंय व्हय? मग आधीच दाखवायचं ना."

त्यांचं बरोबर आहे. पुस्तक आमच्याच डॅशबोर्डमध्ये पडून होतं, प्लास्टिकसकट.