‘नापास’ आणि ‘गैरहजर’

वार्षिक परीक्षेच्या निकालपत्रकांत एखाद्या विद्यार्थ्याच्या नांवापुढें शून्य असतें, तर एखाद्याच्या नांवापुढें ‘गैरहजर’ असें लिहिलेलें असतें. गुण दोघांसही नाहींत. तथापि या दोन खुणांचा अर्थ एक नव्हे. पहिल्याची परीक्षा झाली व अभ्यास अपुरा ठरला. दुसऱ्याची परीक्षाच झाली नाहीं. हा भेद संगणकासही शिकवावा लागतो, तो कसा हें आम्ही येथें सांगणार आहों.

संगणकास द्यावयाच्या आज्ञांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. ती बिनचूक चालते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं दुसरी आज्ञावली तिची परीक्षा घेते. पांच व सात दिले असतां बेरीज बारा येते काय, असे शेंकडों प्रश्न ती कांहीं क्षणांत विचारते व प्रत्येकापुढें एक खूण मांडते. पायथन या संगणकभाषेबरोबर मिळणाऱ्या परीक्षासाधनांत उत्तर बरोबर आल्यास टिंब, चुकल्यास ‘एफ्’, उत्तर पडताळण्यापूर्वींच कांहीं मोडल्यास ‘ई’, आणि परीक्षा हेतुतः वगळल्यास ‘एस्’ उमटतो. शेवटीं सर्वांचा मिळून एक अंक निघतो: शून्य म्हणजे सर्व ठीक, एक म्हणजे कोठें तरी बिघाड. पूर्वीं एकही परीक्षा झाली नसली तरी हें शून्यच निघे. जणूं परीक्षागृह ओस असतां सारा वर्ग उत्तीर्ण! २०२३ सालच्या आवृत्तीपासून अशा वेळीं पांच हा निराळा अंक निघतो.

ही गोष्ट आपल्या दारापासून दूर नाहीं. आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. रेशन दुकानांतील यंत्रावर बोट ठेविलें असतां आधारकडून ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें उत्तर येतें, आणि ‘नाहीं’ असल्यास त्याबरोबर कारणाचा अंकही येतो. ३०० म्हणजे ठसा जुळला नाहीं. ९९८ म्हणजे क्रमांकच ग्राह्य नाहीं. नेटवर्क नसेल तर उत्तरच येत नाहीं. ती केवळ गैरहजेरी होय.

आयुष्यभर खुरपें व कुऱ्हाड धरलेल्या बोटांच्या रेषा झिजतात. अशा म्हातारीचा ठसा जुळला नाहीं, म्हणजे ती खोटी ठरली असें नव्हे. या सर्वांस एकच ‘नाहीं’ समजलें, तर प्रामाणिक मनुष्य रिकामी पिशवी घेऊन घरीं परततो. म्हणूनच, ठसा न जुळल्यामुळें किंवा नेटवर्क नसल्यामुळें कोणासही धान्य नाकारूं नये, असे निर्देश केंद्र सरकारनें २०१७ सालीं दिले.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं कोणी उद्यां अशीं यंत्रें घडवील, कोणी त्यांच्यापुढें आपल्या आजीस घेऊन उभा राहील. दोघांसही आमचें सांगणें एकच: ‘नाहीं’ असें उत्तर आलें कीं तें कोणतें ‘नाहीं’, हें प्रथम विचारावें. जें तपासलेंच गेलें नाहीं, त्यास चूक म्हणूं नये आणि बरोबरही म्हणूं नये.