शाळेच्या प्रवेशद्वारावरील शस्त्रतपासणी आणि शालेय दिवस : अमेरिकेतील अनुभवाचे विवेचन

बीजसंज्ञा : शालेय सुरक्षा, धातुशोधक यंत्र, अध्यापनाचा वेळ, शालेय वातावरण, शैक्षणिक प्रशासन

प्रस्तावना

शाळेचा दिवस पहिल्या तासाच्या घंटेने सुरू होतो, असे सामान्यतः मानले जाते. अमेरिकेतील काही मोठ्या शहरांतील विद्यार्थ्यांचा दिवस मात्र धातुशोधक चौकटीपुढील रांगेत सुरू होतो. दप्तर पट्ट्यावर ठेवणे, खिसे रिकामे करणे, चौकटीतून जाणे आणि घंटी वाजल्यास पुन्हा तपासणीस सामोरे जाणे हा तेथील दैनंदिन क्रम आहे. या विषयाची चर्चा बहुधा सुरक्षिततेच्या अंगाने होते. वेळापत्रक, अध्यापन आणि विद्यार्थी-शिक्षक संबंध यांवर होणाऱ्या परिणामांचा विचार त्या मानाने कमी होतो. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी

न्यूयॉर्क शहरात १९८८ पासून निवडक माध्यमिक शाळांत धातुशोधकाद्वारे तपासणी सुरू झाली. फेब्रुवारी १९९२ मध्ये ब्रुकलिनमधील थॉमस जेफरसन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांची गोळ्या झाडून हत्या झाली, तेव्हा महापौर डेव्हिड डिंकिन्स त्याच दिवशी त्या शाळेस भेट देणार होते. या घटनेनंतर तपासणीच्या विस्ताराला वेग आला. लॉस एंजेलिसमध्ये १९९३ पासून यादृच्छिक तपासणीचे धोरण स्वीकारले गेले. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्यास किमान एक वर्ष निष्कासित करण्याचे बंधन घातले. १९९८ साली न्यूयॉर्कमधील शालेय सुरक्षेची जबाबदारी शिक्षण मंडळाकडून पोलीस खात्याकडे गेली.

या सर्व व्यवस्थेस न्यायालयीन आधारही लाभला. १९८५ च्या ‘न्यू जर्सी विरुद्ध टी. एल. ओ.’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांना घटनेच्या चौथ्या दुरुस्तीचे संरक्षण आहे हे मान्य केले. तथापि शाळेने घेतलेल्या झडतीसाठी ‘वाजवी संशय’ पुरेसा ठरविला. सर्वांना समान रीतीने लागू होणारी धातुशोधक तपासणी पुढे अनेक न्यायालयांनी व्यक्तिगत संशयाशिवायही ग्राह्य धरली.

यंत्रणेचे कार्य आणि वेळेचे गणित

धातुशोधक चौकटीतील वेटोळ्यांतून विद्युत्‌प्रवाह जातो व बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आल्यास तिच्यात भोवरी प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांची नोंद यंत्र घेते. म्हणजेच यंत्राला धातू कळते, शस्त्र कळत नाही. संवेदनशीलता वाढविल्यास पट्ट्याचे बक्कल आणि किल्ल्यांचा जुडगाही घंटी वाजवितात. कमी केल्यास लहान चाकू निसटण्याचा संभव वाढतो. शस्त्र बाळगणारे विद्यार्थी अत्यल्प असल्याने वाजणाऱ्या बहुतेक घंट्या निरुपद्रवी वस्तूंच्या असतात. परिणामी, तपासणाऱ्या कर्मचाऱ्याची सावधगिरी कालांतराने शिथिल होते.

एका काल्पनिक उदाहरणाने वेळेचा प्रश्न स्पष्ट होईल. शाळेत १,२०० विद्यार्थी आहेत, प्रवेशासाठी चार चौकटी आहेत आणि प्रत्येक विद्यार्थ्यास सहा सेकंद लागतात असे मानू. मिनिटाला ४० विद्यार्थी याप्रमाणे सर्वांच्या प्रवेशास ३० मिनिटे लागतील. त्यांपैकी दहा टक्के, म्हणजे १२० विद्यार्थ्यांची प्रत्येकी ४५ सेकंदांची दुसरी तपासणी चौकटींवरील त्याच कर्मचाऱ्यांनी केल्यास आणखी सुमारे २२ मिनिटे जातील. एकूण अवधी ५० मिनिटांच्या पुढे, म्हणजे एका तासिकेहून अधिक होतो. शिवाय विद्यार्थी समान अंतराने येत नाहीत. बस व भुयारी रेल्वे त्यांना एकाच वेळी मोठ्या संख्येने आणून सोडतात. त्यामुळे रांग रस्त्यापर्यंत जाते आणि तपासणीपूर्वीचा हा उघड्यावरील जमाव स्वतःच असुरक्षित ठरतो.

शालेय दिवसावरील परिणाम

पहिला परिणाम पहिल्या तासिकेवर होतो. विद्यार्थी तुकड्यातुकड्यांनी वर्गात येत राहिले, तर शिक्षकाला पाठाची सुरुवात पुन्हा पुन्हा करावी लागते किंवा महत्त्वाचा भाग पुढे ढकलावा लागतो. पहिल्या तासिकेस जो विषय नेमलेला असतो, त्याचे नुकसान वर्षभर साचत जाते. रांगेमुळे झालेला उशीर विद्यार्थ्याच्या नावावर नोंदला गेला, तर त्यास अन्यायाचेही परिमाण लाभते.

दुसरा परिणाम न्याहारीवर होतो. शासकीय अनुदानाची न्याहारी अनेक ठिकाणी शाळा भरण्यापूर्वी दिली जाते. रांगेत अडकलेल्या गरीब विद्यार्थ्यास अभ्यास आणि अन्न यांपैकी एकाची निवड करावी लागते. तिसरा परिणाम इमारतीच्या वापरावर होतो. तपासणी अर्थपूर्ण राहावी म्हणून इतर दारे बंद ठेवावी लागतात. परंतु अग्निसुरक्षेसाठी ती आतून उघडणे आवश्यक असते. एका विद्यार्थ्याने आतून उघडलेले बाजूचे दार संपूर्ण व्यवस्था निष्फळ करू शकते. मधल्या सुटीत बाहेर जाण्याची मोकळीकही पुनर्तपासणीच्या भीतीने संकोचते.

न्यूयॉर्कमधील भ्रमणध्वनीचा अनुभव येथे उद्बोधक आहे. तेथील शाळांत भ्रमणध्वनीवर बंदी होती. मात्र धातुशोधक असलेल्या शाळांतच ती काटेकोरपणे अमलात येई. अशा शाळांबाहेर उभ्या असलेल्या खासगी वाहनांत विद्यार्थी दररोज सुमारे एक डॉलर देऊन फोन ठेवीत. २०१५ साली ती बंदी उठविण्यात आली, तेव्हा या विषमतेचा उल्लेख प्रामुख्याने झाला. शस्त्रासाठी बसविलेले यंत्र अन्य नियमांच्या अंमलबजावणीचे साधन कसे बनते, हे यावरून दिसते.

परिणामकारकतेचे पुरावे

तपासणी निरुपयोगी आहे असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या न्यूयॉर्कमधील सर्वेक्षणात धातुशोधक असलेल्या शाळांतील ७.८ टक्के, तर नसलेल्या शाळांतील १३.६ टक्के विद्यार्थ्यांनी शाळेत शस्त्र आणल्याचे सांगितले. परंतु धमक्या व मारामाऱ्या यांच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक आढळला नाही. २०११ साली ‘जर्नल ऑफ स्कूल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या संशोधनाच्या आढाव्यात ठोस निष्कर्षासाठी पुरावा अपुरा असल्याचे नमूद झाले; काही अभ्यासांत अशा शाळांतील विद्यार्थ्यांची सुरक्षिततेची भावना उलट कमी असल्याचेही दिसले.

पूर्वनियोजित हल्ल्यांच्या बाबतीत मर्यादा अधिक स्पष्ट होतात. मार्च २००५ मध्ये मिनेसोटातील रेड लेक येथील शाळेच्या प्रवेशद्वारी धातुशोधक होता. हल्लेखोराने तेथील निःशस्त्र रक्षकाची हत्या करून आत प्रवेश केला. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलंड येथे हल्लेखोर शाळा सुटण्याच्या सुमारास उघडलेल्या फाटकातून आला. सकाळच्या तपासणीचा त्या वेळी काहीही उपयोग झाला नसता.

रांग टाळण्याचे आश्वासन देणारी नवी यंत्रेही निर्णायक ठरलेली नाहीत. न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे एव्हॉल्व्ह कंपनीची यंत्रणा बसविल्यानंतर २०२२ साली एका विद्यार्थ्याने चाकू आत नेला व दुसऱ्या विद्यार्थ्यावर वार केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने या कंपनीवर अतिरंजित दाव्यांचा आरोप ठेवला. झालेल्या समझोत्यानुसार काही शाळांना करार रद्द करण्याची मुभा मिळाली. दुसरीकडे, जानेवारी २०२३ मध्ये व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथे सहा वर्षांच्या मुलाने शिक्षिकेवर गोळी झाडल्यानंतर तेथील प्रशासनाने सर्व शाळांत धातुशोधक बसविण्याचे ठरविले. लॉस एंजेलिसच्या मंडळाने मात्र २०१९ साली यादृच्छिक तपासणी बंद करण्याचा निर्णय घेतला. एकाच देशात परस्परविरोधी निर्णय होतात, कारण भीती आणि विश्वास यांचे मोल प्रत्येक समाज आपापल्या अनुभवातून ठरवितो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. (१) प्रवेशद्वारावरील तपासणी शस्त्र आणण्याचे प्रमाण काही अंशी घटवू शकते. हिंसेची कारणे तिच्या आवाक्याबाहेर राहतात. (२) यंत्राच्या किमतीपेक्षा कर्मचाऱ्यांचे वेतन आणि गमावलेला अध्यापनकाळ हा खरा खर्च आहे. तो अंदाजपत्रकाप्रमाणेच वेळापत्रकातही मांडला पाहिजे. (३) पुरेशा चौकटी, प्रशिक्षित कर्मचारी, रांगेतील उशिराची माफी आणि न्याहारीची हमी यांवाचून तपासणी सुरू केल्यास तिचा भार दुर्बल विद्यार्थ्यांवर पडतो. (४) शस्त्राची पूर्वसूचना बहुधा सहाध्यायांकडून मिळते. ती देण्याइतका विश्वास शिक्षकांविषयी वाटणे ही सुरक्षेची महत्त्वाची अट आहे.

आपल्याकडे प्रवेश परीक्षांच्या वेळी होणारी झडती एका दिवसापुरती असते आणि तिचा हेतू वेगळा असतो. दररोजची तपासणी मात्र शाळा व विद्यार्थी यांच्यातील नात्याचा भाग बनते. म्हणूनच अशा व्यवस्थेचा निर्णय सुरक्षा अधिकाऱ्यांबरोबरच पहिल्या तासिकेच्या शिक्षकालाही विचारून व्हावा, एवढे या अनुभवावरून निश्चितपणे म्हणता येते.