केळं गोड होतं, उलटं का नाही?
रावेर-यावलच्या हिरव्या केळ्यात सुमारे २० टक्के स्टार्च असतो. पिकल्यावर उरतो एक-दोन टक्के, बाकीच्याची बहुतांशी साखर. आपसूक उलटं होत नाही. स्टार्चचा दुवा पाण्यानं तुटताना मुक्त ऊर्जा मोलमागे साधारण १५ किलोज्यूलनं घटते, आणि ठरावीक तापमान-दाबाला अभिक्रिया आपोआप जाते ती या घटीच्याच दिशेनं. मग भिजवलेला साबुदाणा रात्रभरात गोड का होत नाही? मुक्त ऊर्जा दिशा सांगते, वेग नाही. पाठ्यपुस्तकं हा फरक घाईत उरकतात; खरी गंमत तिथंच आहे. वेग विकरांच्या हाती. रायपनिंग चेंबरमधला इथिलीन वायू केळ्याला ती विकरं बनवायला लावतो. मुक्त ऊर्जेतला फरक मात्र तसूभरही बदलत नाही. साखरेचा पुन्हा स्टार्च करायचा, तर झाडाला एटीपी खर्चावं लागतं.